बाबांच्या कबरीची मुदत

३ फेब्रुवारी

विद्वान बंधुराजांस,

सोबत एक फॉर्म आहे. पुस्तकात खूण म्हणून ठेवायला नाही, सही करायला आहे. खाली उजवीकडे मी पेन्सिलीने फुली मारली आहे, तिथे शाईने सही कर आणि परत पाठव. एवढं तुला जमेल असं धरून चालते.

विषय असा. बाबांच्या कबरीला बारा वर्षं झाली. दफनभूमीत जागा कमी आणि माणसं काही मरायची थांबत नाहीत, म्हणून बारा वर्षांनी मुदत वाढवून घ्यावी लागते. नाही घेतली तर कबर उघडतात, हाडं गोळा करतात आणि मागच्या भिंतीतल्या सामाईक अस्थिघरात नेऊन ठेवतात. मुदत पंधरा एप्रिलला संपते, फॉर्म त्याआधी पोचायला हवा. सही तुझीच लागते, कारण बाबांनी जिवंतपणी जागा घेतली तेव्हा वारस म्हणून तुझं नाव घातलं. "तो शिकलेला आहे, कागद नीट सांभाळेल," असं म्हणाले. मी शेजारीच उभी होते. त्यांची औषधं मी सांभाळायची, कपडे मी, चिडचिड मी. कागद तेवढे तू.

तुझं नवं पुस्तक आमच्या संग्रहालयात आलं. साहेबांनी ते काचेच्या कपाटात ठेवलं आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून जेवणाच्या तीन सुट्ट्यांत वाचून काढलं. प्राचीन माणसाला मरण हा शेवट वाटत नव्हता, प्रवास वाटत होता, असं तू पहिल्याच पानावर ठणकावलं आहेस. कुणी सांगितलं तुला? टेकडीवरच्या सत्तर कबरी बाबांच्या टोळीने खोदल्या आणि त्यातलं एकूण एक भांडं, एकूण एक हाड मी तळघरात बसून धुतलं आहे. एकतीस वर्षं दुसरं काय केलं मी? त्या भांड्यांना तू 'परलोकाची शिदोरी' म्हणतोस. अरे, निम्म्या भांड्यांचे काठ पुरायच्या आधीच उडालेले आहेत. खोक जुनी, खोकेत मळ बसलेला. घरात नको झालेलं भांडं त्यांनी म्हाताऱ्याबरोबर दिलं आणि चांगलं चुलीवर ठेवलं. परलोकावर त्यांची श्रद्धा एवढीच, आणि तू त्यावर व्याख्यानं देत हिंडतोस.

सव्वीस नंबरच्या कबरीतली म्हातारी मावळतीकडे तोंड करून निजली आहे, यावर तुझी अकरा पानं. बाबांनी तुला त्याच दिवशी सांगितलं होतं की जमीन तिकडे उतरती आहे, डोकं चढाला ठेवलं म्हणून तोंड तिकडे आलं. पण बाबा पडले खोदकामाचे मुकादम, चौथी शिकलेले. त्यांना काय कळतंय! अकरा पानं तुझ्या नावावर जमा झाली, आणि बाबांच्या वाट्याला 'स्थानिक मजुरांच्या साहाय्याने' एवढे शब्द आले.

दफनाच्या वेळी तुझा फोन लागत नव्हता. तू कुठल्या तरी माळावर परक्यांचे बाप उकरत होतास. आत्या अजून त्यावरून बोटं मोडते. आता निदान सही तरी कर. यायची काही गरज नाही.

ताई

२१ फेब्रुवारी

धाकट्या,

चार पानं आली, फॉर्म आला नाही. तुझं लहानपणापासून असंच आहे. पाणी आण म्हटलं की विहिरीचा इतिहास घेऊन येतोस.

तू लिहितोस की कित्येक लोकांमध्ये मेलेल्याला आधी मातीत ठेवत, काही वर्षांनी उकरून हाडं स्वच्छ करत आणि मग दुसऱ्या जागी नेत. तेच खरं दफन, पहिलं नुसतं तात्पुरतं. म्हणून बाबांना हलवलं तर हलवू दे, त्यात अपमान काही नाही, उलट ही मानवजातीची फार जुनी रीत आहे. वा! सहीला एक मिनिट लागतं, तेवढं वाचवायला तू अख्खी मानवजात कामाला लावलीस.

मग तुझ्याच पुस्तकातलं सातवं प्रकरण काढते. दोन नद्यांच्या मधल्या त्या लोकांचं. मेलेला माणूस खाली अंधाऱ्या, धुळीने भरलेल्या घरात जातो, ज्याची मुलं त्याच्या नावाने पाणी ओततात तो जरा बरा राहतो आणि ज्याचं कुणी नाही तो भांड्याला लागलेली खरवड आणि रस्त्यावर टाकलेलं उष्टं खातो. किती कळवळून लिहिलं आहेस. साहेब म्हणाले, ते वाचताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, येणारच, लिहिणारा मोठा मातृपितृभक्त आहे.

तुझं पत्र आत्याला वाचून दाखवलं. ती खिडकीत बसून माझ्या कोटाला बटण लावत होती.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, हलवू दे."

"हलवू दे म्हणतो? ज्याने मूठभर माती टाकली नाही, तो सांगणार हलवू दे? आणि तू ऐकून घेतेस?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्यासारखी बहीण आहे म्हणून त्याचं निभावलं. सगळं एकटीने केलंस."

मी तिच्या हातातून कोट घेतला आणि कामावर गेले.

एक विचारते. मी तुला एवढं टाकून बोलते, आत्या घरात पाऊल ठेवू देत नाही, आणि तू कधी उलट शब्द लिहीत नाहीस. दफनाचा विषय निघाला की मूग गिळून बसतोस. या पत्रातही 'त्या वेळी माझं चुकलं' एवढंच. या सोशिकपणाचा मला वीट आला आहे. मोठेपणा मिरवायचा तर व्याख्यानांत मिरव.

दुसरा फॉर्म जोडला आहे. फुली मारली आहे.

ताई

१० मार्च

धाकट्या,

तुझं पत्र काल कामावर आलं. तळघरात दोनदा वाचलं. मग त्या दिवशी एकही पेटी उघडली नाही.

तू येणार. सही करणार नाहीस, कबर उघडू देणार आणि पंधराला स्वतः येऊन बाबांना आपल्या हातांनी वर काढणार. 'शेवटच्या वेळी मी नव्हतो. निदान आता एकदा तरी त्यांना उचलू दे.' वाक्य छान जमलं आहे. पुढच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेला ठेव.

कुठले हात रे? शेवटचा ब्रश हातात धरलास त्याला किती वर्षं झाली? तुझ्या हाताखाली आता आठ पोरं राबतात, तू खड्ड्याच्या काठावर छत्री घेऊन उभा असतोस. वर्तमानपत्रात फोटो पाहिला मी. बाबांनी तुला शिकवलं होतं की कबरीवरची माती आजूबाजूच्या मातीपेक्षा सैल आणि काळी असते, पाय टाकला की कळतं. आता तुला चपलेखाली काय आहे ते तरी कळतं का?

आणि करणार काय काढून? हाडं मांडून बघणार? मोजणार? तुला सवय आहे, म्हणून विचारते. बाप म्हणजे काय तुझ्या सव्वीस नंबरची म्हातारी नव्हे. आणि सांगून ठेवते, तिथली माती ओली आहे. बघण्यासारखं काही उरलंच नसेल. सहा तासांचा प्रवास करून येशील आणि चार ढेकळं घेऊन जाशील.

नाईलकाठच्या लोकांचं तू लिहिलं आहेस, मेल्यावर काळीज तराजूत घालतात. बेचाळीस देव समोर बसतात आणि मेलेला एकेकाला सांगत सुटतो, मी हे केलं नाही, मी ते केलं नाही. ते तू फार भक्तिभावाने मांडलं आहेस. पण त्याच लोकांनी छातीवर दगडाचा एक किडा ठेवला होता, आणि त्यावर कोरलं होतं, माझ्या काळजा, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. त्याला तू एक तळटीप दिलीस. मला विचारशील तर सगळ्या त्या खटाटोपात खरी गोष्ट तेवढीच आहे. हे लोक देवाला भीत नव्हते. आपल्याच आतलं काही तरी तोंड उघडेल म्हणून घाबरत होते. तुझ्यासारख्याला ते कसं दिसणार? तुला सोन्याचे मुखवटे दिसतात.

तेव्हा येऊ नकोस. सही करायची नसेल तर नको करू, दफनभूमीचे लोक त्यांच्या पद्धतीने काढतील आणि नेऊन ठेवतील. नाही तर मी उभी राहीन. मला सवय आहे. दोघांची गरज नाही.

ताई

२४ मार्च

धाकट्या,

तू उलट टपाली कळवलंस की तिथली माती चिकण आहे, बाबाच म्हणायचे की त्या मातीत हाड शंभर वर्षं हलत नाही, आणि तू तिकीट काढलं आहेस. बरं. आता ऐक मी काय केलं ते, तुला दुसरीकडून कळण्याआधी.

मी तुझी सही केली.

दोन दिवस सराव केला. तुझ्या जुन्या पत्रांवरची बघून बघून, संग्रहालयाच्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर. साडेचार हजार वर्षांच्या हाडावर टाकाने नंबर घालते मी, मुंगीच्या आकाराचा. हात माझा हलत नाही. फॉर्म घेऊन दफनभूमीच्या कार्यालयात गेले. तिथला कारकून म्हणजे जाड भिंगाचा चष्मा आणि कायम सर्दी. त्याने फॉर्म घेतला, मागच्या कपाटातून बाबांची जुनी फाईल काढली, दोन्ही शेजारी ठेवले.

"ताई, ही तुमच्या भावाची सही?"

"मग कुणाची?"

"मग हा फॉर्म कसा? त्यांनी तर कळवलंय, काढायला स्वतः येतो म्हणून."

"ते परगावी असतात. पोस्टाने पाठवला."

त्याने नाक पुसलं. "जागा घेतली तेव्हा ते आले होते वडिलांबरोबर. ही बघा त्यांची सही. कशी सुटली आहे, शेवटचं अक्षर लिहिलंच नाही. आणि ही तुमची बघा, किती सुबक. अक्षरन् अक्षर जागेवर." त्याने फॉर्म माझ्याकडे सरकवला. आवाज चढवला नाही. "मी हा पाहिलाच नाही. घरी जा. पण मला एक सांगा, भाऊ स्वतः येऊन काढतो म्हणतोय, लोक इथे कुणाला पाठवतही नाहीत, आणि तुम्ही का अडवताय?"

मी त्याला म्हटलं, तुमचं काम करा. त्या चष्म्याला बारा वर्षांपूर्वीची फाईल दोन मिनिटांत सापडते, एरवी त्याला स्वतःचा रुमाल सापडत नाही.

आत्यानेही तेच विचारलं. "बाबांना हलवलं तर हलवलं. तू का एवढी कासावीस झालीस? जेवत नाहीस, झोपत नाहीस. त्याचं तोंड बघायचं नाही म्हणून?" मी म्हटलं, हो, म्हणून. तिला पटलं. लगेच पटलं. माझं म्हणणं सगळ्यांना लगेच पटतं, बारा वर्षं मी तेच खाऊन जगते आहे.

पुन्हा शेवटचं सांगते, तिकीट रद्द कर.

ताई

६ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र नाही आलं, म्हणजे तू येतो आहेस. आता हे वाचून मग ये. तिथे माणसांसमोर, खड्ड्याच्या काठावर कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं. तुला कळणारच. तुझी पुस्तकं कितीही पोकळ असू देत, हाड तू ओळखतोस.

बाबांच्या डाव्या मांडीचं हाड वर खुब्यापाशी मोडलेलं आहे. म्हणजे त्या हाडाची मान तुटली आहे. भरून आलेली नाही, कारण भरून यायला वेळच मिळाला नाही. कडा अजून धारदार असतील. मी तुला सांगितलं होतं की ते झोपेत गेले. डॉक्टरांनी लिहिलं, वय आणि फुप्फुसं. कुणी विचारलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी ते न्हाणीघरात पडले. मी उचलून पलंगावर आणलं. पाय दुखतो म्हणाले. पण पाय ते रोज दुखतो म्हणायचे. पाठ दुखते, छाती दुखते, मला इथे डांबून ठेवलंय, मुलाला बोलवा. वर्षभर दिवसातून पन्नास वेळा. मी एक गोळी दिली. सोमवारी तळघराची तपासणी होती, सहाशे पेट्या, सगळ्यांच्या चिठ्ठ्या नव्याने लावायच्या होत्या. मी शनिवारी कामावर गेले, रविवारीही गेले. त्यांना दोन्ही दिवस सकाळी खायला ठेवलं, दार ओढून घेतलं, संध्याकाळी आले. पाऊल बाहेरच्या बाजूला वळून पडलं होतं. चादर नीट केली मी. मंगळवारी छाती घरघरायला लागली तेव्हा डॉक्टर आणले. पडल्याचं त्यांना सांगितलं नाही. बुधवारी दुपारी बाबा गेले.

आता तुझं. तुझा फोन लागत होता. मी केलाच नव्हता. बुधवारी संध्याकाळी केला तेव्हा पहिल्या घंटेला उचललास आणि मी म्हटलं, कालपासून लागत नाही, सगळं आटोपलं, उन्हाळा आहे, थांबता येत नव्हतं. आटोपलं नव्हतं. बाबा आतल्या खोलीत होते. दफन दुसऱ्या दिवशी चार वाजता झालं. रात्रीच्या गाडीने निघाला असतास तर सकाळी पोचला असतास, चादर बाजूला केली असतीस आणि पाय पाहिला असतास. आणि आत्याला, बाकी सगळ्यांना मी सांगितलं, कळवलं त्याला, तो येत नाही म्हणतो.

हे तू बारा वर्षं डोक्यावर घेऊन फिरलास. माळावर होतो, फोन लागला नाही, माझंच चुकलं. मी तुझी पत्रं वाचायचे आणि म्हणायचे, बघा, कसा शरमेने वाकला आहे. तुला नाही नाही ते लिहायचे आणि मला बरं वाटायचं. तुझ्या लिखाणाची मी टर उडवली ती खरी आहे, भांड्यांचे काठ खरंच उडालेले आहेत. पण मेलेल्यांवर खोटं लिहिण्यात तू माझ्या पासंगालाही पुरणार नाहीस. तू निदान साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या लोकांवर लिहितोस.

आत्याला परवा सांगितलं. तिने हातातलं शिवण खाली ठेवलं. मग म्हणाली, "त्याला मी बारा वर्षं दारात उभं केलं नाही." आणि आत जाऊन दार लावलं. अजून माझ्याशी बोलत नाही.

एक राहिलं. हे लिहायचं नव्हतं, चार वेळा कागद फाडला.

रविवारी सकाळी मी निघताना बाबांनी माझं मनगट धरलं. त्या दिवसांत त्यांना माणूस ओळखू यायचं नाही, मला कधी आई समजत, कधी तू. पण त्या वेळी अगदी मुकादमासारखे बोलले, खड्ड्यात उतरून सांगायचे तसे. "पोरी, डावा खुबा गेलाय. हात लावून बघ, तुला कळेल." मी म्हटलं, "काही झालेलं नाही, पडून राहा." त्यांनी हात सोडला.

धाकट्या, चाचपून हाड तुटलं आहे की नाही हे सांगणं माझं रोजचं काम आहे. न बघता सांगते मी. मी हात लावला नाही. लावला असता तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर मला घरी थांबावं लागलं असतं.

पंधराला सकाळी आठ वाजता उघडणार आहेत. तू उचल त्यांना. मी फाटकाबाहेर असेन, तू बोलावलंस तर आत येईन.

ताई